मेमरीमुळे ॲप पडतंय? कोड उघडण्याआधी हे बघा

ॲप पडलं की सगळ्यांची नजर क्रॅश लॉगच्या, म्हणजे पडताना लिहिल्या गेलेल्या नोंदीच्या, सगळ्यात वरच्या ओळीवर जाते. मेमरीच्या क्रॅशमध्ये ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. ॲप कुठे पडलं एवढंच ती सांगते. जी मेमरी सोडायला नको होती ती कोणी सोडली, किंवा सोडायला हवी होती ती कोण धरून बसलं, हे त्याच्या आधी, भलत्याच स्क्रीनवर घडून गेलेलं असतं. मी ऐरोलीत अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्ही ॲपच्या टीमबरोबर काम करते. टीममध्ये नवीन कोणी आलं की माझं पहिलं सांगणं हेच असतं: लॉग हातात आला म्हणून लगेच कोड उघडू नकोस, ॲप कशाने मेलं ते आधी ठरव.

मेमरीपायी ॲप तीन तऱ्हांनी मरतं. ॲपने आधीच सोडून दिलेल्या जागेत हात घातला, ही पहिली तऱ्हा. ॲपने आणखी मेमरी मागितली, पण त्याच्या वाट्याची संपली होती, ही दुसरी. आणि तिसरीत ॲपच्या कोडने त्या क्षणी काहीही वावगं केलेलं नसतं. फोनची एकूण मेमरी कमी पडते आणि सिस्टिम ॲपला बाहेरून बंद करते. एकीचा उपाय दुसरीला चालत नाही, म्हणून ओळख आधी पटवायची.

ओळख फारशी अवघड नाही. आयफोनच्या लॉगमध्ये ‘ईएक्ससी बॅड ॲक्सेस’ दिसलं, किंवा अँड्रॉइडच्या नेटिव्ह, म्हणजे सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या, लायब्ररीत सिग्नल ११ म्हणजे ‘सिगसेग्व्ह’ दिसला, तर बहुधा पहिली तऱ्हा. अँड्रॉइडवर ‘आउट ऑफ मेमरी एरर’ म्हणजे दुसरी. आणि वापरणारा सांगतो की ॲप आपोआप बंद झालं, पण क्रॅशच्या डॅशबोर्डवर, म्हणजे सगळ्या फोनवरचे क्रॅश जिथे जमा होतात तिथे, काहीच आलेलं नाही, तर तिसरीचा संशय घ्या. या तिसरीकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

लॉगच नाही, तेव्हा

लिफ्टची देखभाल करणाऱ्यांसाठीचं एक ॲप आमच्याकडे होतं. टेक्निशियन घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जातो, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढतो, फॉर्म भरतो आणि कंट्रोलर पॅनेलचे, ब्रेकचे फोटो जोडतो. तक्रार अशी आली: “मॅडम, फोटो काढून परत आलं की फॉर्म जातो. सगळं परत भरायला लागतं.” ऑफिसमधल्या कुठल्याही फोनवर हे होत नव्हतं. मी त्यांना एकच विचारलं, “दादा, फोन कुठला आहे आणि रॅम किती?” तीन जीबी. मागे व्हॉट्सॲप चालू, मॅप चालू, आणि आमचं ॲप फोटोसाठी फोनच्याच कॅमेऱ्याकडे काम सोपवत होतं.

आता यात काय होतं ते नीट बघा. कॅमेरा उघडला की आपलं ॲप मागे जातं. कॅमेरा मेमरीला जड असतो. मेमरी कमी पडायला लागली की अँड्रॉइडचा लो मेमरी किलर आधी मागे गेलेल्या प्रोसेस, म्हणजे मागे चालू असलेली ॲप, बंद करतो, कारण वापरणाऱ्याच्या समोर त्या नसतात. फोटो काढून माणूस परत येतो. अँड्रॉइड तीच स्क्रीन परत उभी करतो, पण प्रोसेस कोरी करकरीत असते. सिंगलटनमध्ये किंवा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोसेस जिवंत आहे तोवरच टिकणाऱ्या जागेत, ठेवलेलं ‘सध्याचं काम’ गेलेलं असतं. कोड ते असणारच असं धरून चालतो आणि नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे नसलेल्या वस्तूला हात लावल्याची चूक, येते. म्हणजे बळी मेमरीचा, पण त्याची नोंद कुठेच नाही; डॅशबोर्डवर आली तर ती नंतरच्या या नलची.

इथे नवा डेव्हलपर काय करतो? नल आहे का ते तपासणारी एक ओळ घालतो. क्रॅश थांबतो आणि तक्रारीचं तिकीट बंद होतं. टेक्निशियनचा फॉर्म मात्र अजूनही जातच असतो, आणि आता ते कुठल्याही आलेखात दिसत नाही. क्रॅश लपवण्याला मी दुरुस्ती मानत नाही. भर उन्हात गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला तोच फॉर्म दोनदा भरायला लावणं हा आपल्या बाजूचा दोष आहे आणि तो आपणच काढायचा.

हा प्रकार टेबलावर बसून घडवता येतो. फॉर्म अर्धा भरा, होमचं बटण दाबा, मग संगणकावरून एडीबीने (फोनला कमांड देणारं साधन) ‘एडीबी शेल एएम किल’ आणि पुढे ॲपचं पॅकेज नाव अशी कमांड द्या. आता अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप परत उघडा. टेक्निशियनला जे दिसतं तेच तुम्हाला दिसेल. ‘फोर्स स्टॉप’ वापरू नका. त्यात सिस्टिम आधीची स्क्रीन परत उभी करत नाही, त्यामुळे ही चूक पकडली जात नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ही इथे अपुरं आहे. ते स्क्रीन नष्ट करतं, प्रोसेस जिवंत ठेवतं, आणि आपलं स्टॅटिक व्हेरिएबल जागच्या जागी राहतं.

उपाय सांगते. भरलेला प्रत्येक रकाना फोनच्या डेटाबेसमध्ये लगेच लिहा. आम्ही त्यासाठी अँड्रॉइडची ‘रूम’ ही डेटाबेस लायब्ररी वापरतो. स्क्रीनच्या सेव्ह केलेल्या स्टेटमध्ये फक्त कामाचा क्रमांक ठेवा. फोटो तिथे कोंबू नका, कारण ती माहिती बाइंडरमधून, म्हणजे ॲप आणि सिस्टिम यांच्यातल्या निरोपाच्या वाटेतून, जाते, त्याची जागा अख्ख्या प्रोसेससाठी मिळून १ एमबी असते, आणि ती भरली की वेगळाच क्रॅश येतो. स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलवर विसंबू नका. फोन आडवा केल्यावर ते टिकतं, प्रोसेस मेल्यावर टिकत नाही. त्यासाठी त्याच्या जोडीला सेव्हड स्टेट हँडल लागतं. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. कॅमेऱ्याला फोटो कुठे ठेवायचा हे सांगणारा फाइलचा पत्ता. तोही साध्या व्हेरिएबलमध्ये असतो. कॅमेरा ‘फोटो काढला’ असं व्यवस्थित कळवतो, फोटो फोनमध्ये असतोही, पण कुठे ते आपलं ॲप विसरलेलं असतं. कॅमेरा उघडण्याआधी तो पत्ता जतन करा.

ॲप खरोखर मेमरीसाठीच मारलं गेलं का, हे अँड्रॉइड ११ पासून सिस्टिमलाच विचारता येतं. ‘ॲप्लिकेशन एक्झिट इन्फो’ नावाची सोय आहे; ॲप पुन्हा सुरू झालं की मागची प्रोसेस कशाने संपली याची नोंद त्यातून मिळते. ‘रीझन लो मेमरी’ आलं की शंका मिटली. काही फोन हे कारण कळवत नाहीत, तिथे नुसता सिग्नल ९ आल्याचं दिसतं. दोन्ही नोंदी आपल्या क्रॅश रिपोर्टिंगकडे पाठवायची सवय लावा.

आयफोनवर मेमरी कमी पडली की ॲप मारण्याचं काम जेटसॅम करतो. तिथे नेहमीचा क्रॅश रिपोर्ट बनत नाही, पण फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ॲनालिटिक्स डेटा आहे, त्यात ‘जेटसॅम इव्हेंट’ने सुरू होणाऱ्या फाइल सापडतात. फाइल उघडून आपल्या प्रोसेसचं नाव शोधा. समोर ‘आरपेजेस’ असा आकडा, म्हणजे ॲपने वापरलेली मेमरीची पानं, असतो, आणि पानाचा आकार वरती दिलेला असतो, १६,३८४ बाइट. समजा आरपेजेस ९०,००० आहेत. गुणाकार १,४७,४५,६०,००० बाइट, म्हणजे जवळपास दीड जीबी. कारणाच्या जागी ‘पर प्रोसेस लिमिट’ असेल तर ॲपने स्वतःची मर्यादा ओलांडली. तसं नसेल आणि मेमरी एकूणच कमी पडलेली असेल, तर आपण निव्वळ रांगेत सापडलो. हे सिम्युलेटरवर, म्हणजे मॅकवरच्या नकली आयफोनवर, कधीच दिसत नाही, कारण तिथे मॅकची मेमरी वापरली जाते. जुना, खरा फोन हातात हवा.

फोटोचा हिशोब

दुसऱ्या तऱ्हेचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फोटो. फाइल ३ एमबीची दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात. स्क्रीनवर दाखवताना फोटो उलगडला जातो, आणि मग फाइलचा आकार गौण ठरतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट: ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे ४८ एमबी. एक फोटो! अहवालात असे दहा फोटो आणि यादीत ते अंगठ्याएवढे दाखवायचे असतील, तर मूळ आकारात उलगडून आपण ४८० एमबी खर्च केले.

अँड्रॉइड ८ च्या आधी हे पिक्सेल जावाच्या हीपमध्ये, म्हणजे ॲपच्या वाट्याच्या मर्यादित मेमरीत, असायचे, त्यामुळे ‘आउट ऑफ मेमरी एरर’ धडधडीत समोर यायचा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ते त्या हीपबाहेरच्या नेटिव्ह मेमरीत गेले. त्यामुळे आता बरेचदा एरर न येता प्रोसेस गुपचूप जाते, आणि दुसरी तऱ्हा तिसरीच्या वेषात येते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, ‘लार्ज हीप’ लिहून यावर काही होत नाही. ती सवलत जावाच्या हीपला मिळते, आणि हे पिक्सेल तिथे नाहीतच.

फोटो उलगडतानाच लहान करा. बिटमॅप फॅक्टरीत ‘इन सॅम्पल साइज’ ४ दिलं की रुंदी आणि उंची दोन्ही चौथाई होतात, १००० गुणिले ७५०, आणि ४८ एमबीचे ३ एमबी होतात. आयफोनवर इमेज आयओमधून थंबनेल तयार करून घ्या. पूर्ण फोटो उलगडून मग तो छोट्या चौकटीत बसवणं यात मेमरी वाचत नाही, कारण तोवर ती खर्च होऊन गेलेली असते.

फोटो लहान केल्यावरही मेमरी चढतच राहिली तर गळती आहे, म्हणजे वापरून झालेली मेमरी सोडली जात नाहीये. अँड्रॉइडवर ती ओळखायला मी आधी कुठलंही अवजड साधन काढत नाही. संशयित स्क्रीन बऱ्याच वेळा उघडायची आणि बंद करायची, मग ‘एडीबी शेल डम्पसिस मेमइन्फो’ पॅकेजच्या नावासह चालवायचं. खाली ऑब्जेक्ट्सच्या भागात ‘ॲक्टिव्हिटीज’ असा आकडा असतो. एकच स्क्रीन समोर असताना तो चढलेलाच राहिला, थोडं थांबूनही उतरला नाही, तर बंद केलेल्या स्क्रीन कोणीतरी धरून ठेवल्या आहेत. मग लीककॅनरी ही गळती शोधणारी लायब्ररी लावा. स्क्वेअर कंपनीने ती २०१५ मध्ये खुली केली आणि आजही यासाठी तिच्याइतकं कामाचं मला काही दिसलेलं नाही. कोण कोणाला धरून आहे याची जी साखळी ती दाखवते ती वरून खाली वाचा, आणि जिथे दीर्घकाळ जगणारी वस्तू थोडा वेळ जगणाऱ्या वस्तूला धरते ती कडी शोधा. बहुतेकदा ती लोकेशन ऐकणारा लिसनर असते: स्क्रीन सुरू होताना नोंदवला, बंद होताना काढला नाही.

सोडलेल्या जागेत हात

आता पहिली तऱ्हा. यात लोकांना सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की क्रॅश कधी येतो, कधी येत नाही. अकरा महिन्यांचा करार संपलेल्या भाड्याच्या घराची जुनी किल्ली खिशात राहिली आणि आपण सवयीने दार उघडलं, तर आत काय सापडेल ते सांगता येत नाही. घर अजून रिकामं असेल, आपलंच जुनं कॅलेंडर भिंतीवर असेल, किंवा दुसरं कुटुंब राहायला आलं असेल. सोडलेल्या मेमरीचंही तेच. जागा अजून कोणाला दिली नसेल तर जुनी माहिती तशीच मिळते आणि ॲप चालून जातं. दिली असेल तर क्रॅश, नाहीतर त्याहून वाईट, चुकीची माहिती. त्यामुळे “माझ्या फोनवर तर चालतं” याला या तऱ्हेत काडीची किंमत नाही.

आयफोनवर २०११ पासून एआरसी, म्हणजे वस्तू कधी सोडायची याचा आपोआप हिशोब, आहे. रिटेन-रिलीज (धरणं-सोडणं) हाताने लिहावं लागत नाही. तरी दोन वाटा उघड्या राहतात. एक, जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सी कोडमधली डेलिगेट, म्हणजे निरोप घेणारी वस्तू, ‘असाइन’ने धरलेली असणं. दुसरी, स्विफ्टमधलं ‘अनओन्ड’. दोन्हीत वस्तूचा पत्ता राहतो, पण ती जिवंत ठेवली जात नाही.

अनओन्डचं एक उदाहरण जवळून बघू. ओटीपीची स्क्रीन. विनंती सर्व्हरला गेली, आणि उत्तर आल्यावर चालायच्या क्लोजरमध्ये, म्हणजे नंतरसाठी ठेवलेल्या कोडच्या तुकड्यात, कोणीतरी ‘अनओन्ड सेल्फ’ (सेल्फ म्हणजे ती स्क्रीन) लिहिलं, या हिशोबाने की उत्तर येईपर्यंत स्क्रीन असणारच. ऑफिसच्या वायफायवर ते खरं आहे. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नेटवर्क येतं-जातं. उत्तराला उशीर होतो, माणूस कंटाळून मागे जातो, स्क्रीन नष्ट होते आणि मग उत्तर येतं. क्लोजर नसलेल्या स्क्रीनला हाक मारतं. स्विफ्ट इथे निदान स्पष्ट बोलतं: अनओन्ड रेफरन्स वाचायला गेलो, पण ऑब्जेक्ट आधीच डीॲलोकेट, म्हणजे नष्ट, झालेलं होतं.

घडवून बघायला लोकलची गरज नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये डेव्हलपर भागात नेटवर्क लिंक कंडिशनर आहे, त्यातलं ‘व्हेरी बॅड नेटवर्क’ निवडा. ओटीपी मागा, लगेच मागे जा आणि थांबा. क्रॅश आला की ‘अनओन्ड’ काढून ‘वीक’ लिहा (वस्तू गेली की हा रेफरन्स आपोआप रिकामा होतो) आणि आत शिरतानाच सेल्फ आहे का बघून नसेल तर परत फिरा. पण हे सगळीकडे डोळे मिटून करू नका. ओटीपीचं उत्तर स्क्रीन गेल्यावर निरुपयोगी आहे, म्हणून इथे सोडून देणं बरोबर. तेच जर फोटो अपलोडच्या क्लोजरमध्ये केलं, तर माणूस मागे गेला की पुढचं काम मुकाट्याने अर्धवट राहील. अपलोडची जबाबदारी मुळात स्क्रीनकडे नकोच. ती वेगळ्या, टिकणाऱ्या वस्तूकडे द्या.

संदेश इतका स्पष्ट नसेल, आणि स्टॅकमध्ये, म्हणजे कोणी कोणाला हाक मारली त्या यादीत, नुसतं ‘ओबीजेसी एमएसजीसेंड’ किंवा ‘ओबीजेसी रिलीज’ दिसत असेल, आपल्या कोडची एकही ओळ नसेल, तर एक्सकोडच्या (आयफोन ॲप बनवायचं साधन) स्कीममध्ये डायग्नॉस्टिक्सखाली ‘झोंबी ऑब्जेक्ट्स’ चालू करा. मग ऑब्जेक्टिव्ह-सीची मेलेली वस्तू खरी नष्ट न होता झोंबी बनून राहते, आणि तिला हाक मारली की तिच्या क्लासचं नाव छापून येतं. काम झालं की बंद करा. चालू असताना त्या वस्तू मोकळ्या होत नाहीत, त्यामुळे मेमरी फुगते आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसाल.

त्याच जागी मेमरीच्या चुका जागीच पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर आहे, २०१५ च्या एक्सकोड ७ पासून. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. ॲप दुपटी-पाचपटीने मंदावतं, पण ‘हीप यूज आफ्टर फ्री’ पकडल्यावर तो तीन स्टॅक देतो: हात कुठे घातला, ती मेमरी कुठे सोडली होती आणि मुळात कुठे घेतली होती. दुसरा आधी वाचा. चूक बहुधा तिथेच असते. पहिला स्टॅक तर क्रॅश लॉगमध्ये आपल्याला आधीच मिळालेला असतो.

सॅनिटायझर लावूनही गोंधळ सुटला नाही तर दोन थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामं, एकाच ॲरेत (यादीत) एकाच वेळी लिहीत नाहीत ना ते बघा. ते पकडणारा थ्रेड सॅनिटायझर वेगळा चालवावा लागतो, ॲड्रेसवाल्याबरोबर तो चालत नाही, आणि आयफोन ॲपसाठी तो सिम्युलेटरवरच चालतो.

याच ओटीपी स्क्रीनवर उलटी चूकही सापडते. उरलेले सेकंद दाखवायला टायमर असतो. टायमर आपल्या टार्गेटला, म्हणजे स्क्रीनला, घट्ट धरतो, आणि टायमरला रन लूप, म्हणजे ॲपचं सतत फिरणारं चक्र, धरतो. टायमर बंद करायची ओळ ‘डीइनिट’मध्ये, म्हणजे स्क्रीन नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिली की ती कधीच चालत नाही, कारण टायमर चालू आहे तोवर डीइनिट होणारच नाही. स्क्रीन दिसेनाशी होतानाच टायमर बंद करा, किंवा ब्लॉकवाला टायमर घेऊन त्यात वीक सेल्फ वापरा. प्रत्येक स्क्रीनच्या डीइनिटमध्ये एक छापायची ओळ ठेवा. मागे गेल्यावर ती छापली नाही तर एक्सकोडचा मेमरी ग्राफ उघडा. कोणी धरलंय ते बाण दाखवतात.

रिलीजनंतर

प्रत्येक बिल्डची आयफोनची डीसिम फाइल आणि अँड्रॉइडची मॅपिंग फाइल जपून ठेवा; लॉगमधल्या नोंदी आपल्या कोडच्या नावांत बदलायला त्या लागतात. दुसऱ्या बिल्डची चालत नाही, आणि ती नसेल तर लॉगमध्ये नुसते आकडे किंवा निरर्थक अक्षरं दिसतात. तक्रार घेणाऱ्यांना फोनचं मॉडेल, रॅम, ओएसची आवृत्ती आणि पडण्याआधी दुसरं कुठलं ॲप उघडलं होतं, हे विचारायला सांगा. हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

लिफ्टच्या ॲपसारखी दुरुस्ती केली असेल, तर लो मेमरीच्या नोंदी कमी होतील अशी अपेक्षा ठेवू नका. तीन जीबीच्या फोनवर कॅमेरा उघडला की अँड्रॉइड आपली प्रोसेस पूर्वीइतकीच मारणार. त्यामुळे वेगळा आकडा मोजा: प्रोसेस मेल्यानंतर परत उघडलेल्या फॉर्मपैकी किती भरलेल्या मजकुरासह आणि फोटोसह उघडले. आमच्याकडे त्यासाठी फॉर्म उघडताना एक छोटी नोंद जाते, कामाचा क्रमांक, भरलेले रकाने आणि जोडलेले फोटो यांची. एकही रकाना रिकामा परतला, तर तिकीट पुन्हा उघडतं.